गंजलेल्या एमजीबी जीटीची रास्त किंमत कशी काढायची

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. रेडिंगला तुमच्या शेजारी एक इंग्रज आजी राहतात, त्यांचे मिस्टर गेल्या वर्षी गेले, आणि गॅरेजमध्ये त्यांची १९७३ ची एमजीबी जीटी, म्हणजे एमजी कंपनीची छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, १९९९ पासून उभी आहे. रंग हार्वेस्ट गोल्ड, वायर व्हील्स म्हणजे तारांची चाकं, आणि ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सला जोडलेला जादा वरचा गिअर) आहे असं आजी म्हणतात. दाराखालचा पत्रा फुगलाय, मागच्या चाकाच्या पुढे बोट जाईल एवढं भोक आहे, टायर बसलेत. एक डीलर येऊन ४०० पौंड देतो म्हणून गेला. आजींच्या भाच्याने नेटवर बघून सांगितलं की अशी गाडी ९५०० ला जाते. आता तुम्हाला मध्ये पडून आकडा सांगायचाय, आजींचं नुकसान नको आणि घेणाऱ्यालाही फसवायचं नाही.

मी कॉव्हेंट्रीजवळ पत्र्याचं काम करतो, वीस-बावीस वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांवर. वेल्डिंग शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आणि तिथला माझा वस्ताद म्हणायचा की पत्र्याला विचार, रंगाला विचारू नकोस. एमजीबीच्या बाबतीत हे एवढं खरं आहे की या गाडीची किंमत मी आधी खालून बघतो, मग बाजूने, आणि बॉनेट उघडायला सगळ्यात शेवटी जातो.

सरळ आकडाच हवा असेल तर देतो: तुम्ही सांगितलंय तशीच गाडी असेल तर जाहिरातीत १९५० लिहा, १५०० ते १७०० च्या दरम्यान सौदा होईल, ११०० च्या खाली देऊ नका. पण हा आकडा गाडीखाली झोपून बघितल्यावर दोन्ही बाजूंना हलू शकतो, म्हणून तो आला कुठून ते नीट सांगतो.

भाच्याचे ९५०० खोटे नाहीत बरं का. चांगली, चालती, पत्रा घट्ट असलेली क्रोम बंपरवाली जीटी ८ ते ११ हजारांच्या आसपास विकली जाताना मी बघतो. त्याची चूक एवढीच की त्याने जाहिरातीतली मागितलेली किंमत बघितली, आणि तीही वेगळ्याच गाडीची. आपल्याकडे म्हणतात ना, मेलेल्या म्हशीला मणभर दूध, तसं आहे हे. जाहिरातीत सहा-सहा महिने पडून असलेल्या गाड्यांचे आकडे काढून टाका आणि लिलावात प्रत्यक्ष हातोडा कितीवर पडला ते बघा, तेही ‘प्रोजेक्ट’, म्हणजे दुरुस्त करायची गाडी, म्हणून विकलेल्यांचे. ऑनलाइन लिलावांचे जुने निकाल उघडे असतात, अर्धा तास बसलात तर आठ-दहा सापडतील.

आता सगळेजण जो हिशोब करतात तो करून बघू. तयार गाडीची किंमत घ्यायची आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. ऐकायला बरोबर वाटतं. तयार गाडी १०,५०० धरा. खर्च बघा: आजींच्या गाडीसारख्या गाडीला पत्र्याचे १४०-१५० तास मी तरी लावीन, ६० पौंड तासाने ते झाले ९००० च्या आसपास, पॅनल २२०० ते २५००, रंग नीट करायचा तर ५०००, ब्रेक-टाकी-टायर-कार्ब्युरेटर-क्लच मिळून २५००, आतलं काम आणि क्रोम अजून दोन-अडीच हजार. बेरीज २१ हजारांच्या पुढे, वर व्हॅट. वजाबाकी केली की उत्तर येतं उणे अकरा हजार. म्हणजे या हिशोबाने आजींनी गाडीबरोबर अकरा हजार पौंड घेणाऱ्याला द्यायला पाहिजेत! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

हा वजाबाकीचा हिशोब जॅग्वार ई-टाइपला चालतो, कारण ती तयार झाल्यावर एवढी महाग असते की सडलेल्या सांगाड्यालाही हजारो पौंड मिळतात. एमजीबीला चालत नाही कारण ती मुळात सर्वसामान्यांची स्पोर्ट्स कार होती. १९६२ ते १९८० अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर निघाल्या, आजही ढिगाने आहेत, आणि स्वस्त मिळतात म्हणूनच लोकांना आवडतात. मग सडलेल्या एमजीबीला गिऱ्हाईक कोण? दोनच माणसं. एक ब्रेकर, जो ती फोडून पार्ट विकतो. दुसरा तो हौशी माणूस ज्याच्याकडे स्वतःचं गॅरेज आहे, स्वतःचा मिग वेल्डर आहे, आणि जो स्वतःच्या तासांचे पैसे मोजत नाही, कारण त्याच्यासाठी शनिवार-रविवार गाडीखाली घालवणं हाच छंद आहे. ब्रेकर ठरवतो तळ, हौशी ठरवतो छप्पर. रास्त किंमत या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि आजींची गाडी नेमकी कुठे बसते ते ठरवतो गंज.

तळ आधी काढू, सोपं आहे. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स चांगला असेल तर ४००-५००, फिरणारं इंजिन २००-२५०, पाच वायर व्हील्स तारा शाबूत असतील तर २००, एसयूचे जोडकार्ब्युरेटर १००, क्रोम बंपर, मागची काच, डिकीचं दार, सीट, डॅशबोर्ड, दिवे, असं करत सगळं विकलं गेलं तर १७००-१८०० होतात. पण सगळं विकायला वर्ष जातं, फोडायला आठवडा जातो, जागा अडते, आणि शेवटी उरलेला सांगाडा भंगारात द्यायचा. म्हणून ब्रेकर ५०० ते ७०० च्या वर जात नाही. डीलरचे ४०० म्हणजे याच हिशोबातला, थोडा आणखी दाबलेला आकडा. त्याला चोर म्हणणार नाही मी, त्याचा तो धंदा आहे, पण हा तळाच्याही खालचा भाव आहे एवढं आजींना सांगा.

आता खरा विषय, गंज. इथे जरा वेळ घेतो.

एमजीबीच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी चॅसी होती. एमजीबीला नाही. सगळा भार बॉडीच उचलते आणि त्यातला मोठा वाटा उचलतात दाराखालचे दोन उंबरठे, म्हणजे सिल. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण आत उभा पडद्यासारखा दुसरा पत्रा, त्याच्या आत तिसरा, आणि खाली कॅसल रेल नावाची पन्हाळीसारखी पट्टी, असा तो डबा आहे. पाणी आणि माती आत जाते पुढच्या चाकाच्या कमानीतून. तिथे मडगार्डच्या आत एक आडपडदा असतो, त्याचं रबर वाळलं की चाकाने उडवलेला चिखल मागे जाऊन सिलच्या पुढच्या टोकावर बसतो, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे तो खारा चिखल. वर्षानुवर्षं ओला राहतो. गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फोड दिसला तेव्हा आतला पडदा जाऊन बरीच वर्षं झालेली असतात. तुम्ही लिहिलंय ‘दाराखालचा पत्रा थोडा फुगलाय’. थोडा फुगलाय म्हणजे आत काही उरलं नसेल असं धरून चाला.

आणि हे बदलणं म्हणजे नुसती पट्टी डकवणं नाही. सिलचं पुढचं टोक मडगार्डच्या मागे लपलेलं असतं आणि मागचं टोक मागच्या चाकापुढच्या पत्र्याखाली. नीट काम करायचं तर पुढचं मडगार्ड खोलायचं, मागच्या पत्र्याचा खालचा तुकडा कापायचा, दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी टेकू वेल्ड करून बॉडी जागेवर धरायची, मगच जुना सिल कापायचा. टेकू न लावता कापला तर बॉडी केळ्यासारखी वाकते आणि दार पुन्हा जन्मात लागत नाही. मी असं वाकलेलं काम दोनदा सरळ करायला घेतलंय आणि दोन्ही वेळा गाडीवाल्याला सांगितलं की हिला फोडून टाका.

गंमत अशी की रोडस्टरमध्ये हा रोग पटकन पकडता येतो. छप्पर नाही, म्हणून सिल गेला की गाडी मध्ये दबते आणि दाराच्या मागची फट वरच्या बाजूला बारीक होत जाते, जॅक लावून उचलली तर दार अडकतं. जीटीला छप्पर आहे, ते सांगाडा धरून ठेवतं, त्यामुळे दाराच्या फटी सुरेख, दार खट्ट करून लागतं, आणि खाली सिल मात्र पापडासारखा. वरून कीर्तन, आतून तमाशा. तेव्हा ‘दारं छान लागतात’ एवढ्यावर जीटीचा भाव वाढवू नका.

तपासायचं कसं? आजींची परवानगी घेऊन, टॉर्च, चुंबक आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर. जॅकवर गाडी असेल तर खाली पक्के स्टँड लावल्याशिवाय डोकं घालू नका. आणि जॅक लावताना जपून, कारण या गाडीची मूळ जॅक लावायची जागा म्हणजेच सडायची जागा. २००६ की ०७ साली मी स्वतःसाठी एक रोडस्टर घेतली होती ३२०० पौंडाला, रंग नवाकोरा, विकणारा माणूस फार गोड बोलणारा. घरी आणून जॅक लावला, जॅक वर गेला, गाडी जागेवरच. सिलमध्ये कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी होती, त्यावर लांबी म्हणजे पुट्टी, त्यावर काळं डांबरासारखं अंडरसील. पत्र्याचं काम करणारा माणूस मी, आणि मलाच फसवलं, कारण मी रंग बघून पाघळलो होतो. वस्तादाची आठवण आली तेव्हा.

तर टकटक करून ऐका. घट्ट पत्रा टणटण वाजतो, लांबी भरलेली जागा बद्द वाजते. चुंबक चिकटत नसेल तिथे लांबी किंवा फायबर. (बॉनेटला चिकटलं नाही तर घाबरू नका असं जुन्या एमजीबीवाल्यांना सांगावं लागतं, सुरुवातीच्या गाड्यांना बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं होतं. तुमची १९७३ ची आहे, तिला चिकटायला हवं.) नंतर कार्पेट उचला आणि पायाखालचा पत्रा बघा, सीटच्या मागे बॅटरीचे डबे बघा, या काळच्या गाड्यांना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मागे असायच्या आणि ते डबे हमखास सडतात. मग मागच्या पाट्याच्या स्प्रिंगचं पुढचं टोक जिथे बॉडीला बसतं ती जागा. ही महत्त्वाची. पायाखालचा पत्रा गेला तर फार काही बिघडत नाही, तयार मिळतो, सपाट काम आहे. स्प्रिंगची जागा किंवा पुढच्या खांबाचा, ज्याला दाराच्या बिजागऱ्या असतात त्याचा, बुंधा गेला असेल तर हौशी माणूस पण मागे सरतो, आणि तिथे भाव ३००-४०० ने खाली येतो. पुढची काच जिथे बॉडीला बसते तिथले कोपरेही बघा, जीटीला तिथे गंज लागला की काच काढून काम करावं लागतं, त्रासदायक आहे. पेट्रोलची टाकी वरच्या बाजूने सडते, टाकी आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये ओल धरून राहते म्हणून, पण नवी टाकी मिळते, त्यावरून भाव करू नका.

याउलट दाराच्या वरच्या पत्र्याला छोट्या काचेच्या कोपऱ्यात तडा असेल, मडगार्डला गंज असेल, मागच्या चाकापुढे ते भोक, हे सगळं दिसायला वाईट पण भावाला फारसं नाही. ज्याला सिल करायचेच आहेत तो हे त्याच ओघात करतो. अननुभवी माणूस नेमका उलटा घाबरतो, मडगार्डचं भोक बघून पळतो आणि स्प्रिंगची जागा बघतच नाही.

एक मोठी गोष्ट एमजीबीच्या बाजूने आहे, ती म्हणजे पत्रे मिळतात. ऑक्सफर्डशायरमध्ये विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज म्हणून आहेत, ते मूळ साच्यांवर पॅनल काढतात, १९८८ पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी सुद्धा बनवलीये त्यांनी. त्यामुळे बहुतेक गंज ‘असाध्य’ नसतो, नुसता महाग असतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की सडलेल्या बॉडीला दुर्मीळपणाचा भाव मिळत नाही.

दुर्मीळपणावरून आठवलं, चॅसी प्लेट बघून घ्या. तुमच्या गाडीचा नंबर जीएचडी५ ने सुरू व्हायला हवा, डी म्हणजे जीटी, रोडस्टर असेल तर तिथे एन असतो. आणि बॉनेटखाली चार सिलिंडरचं १७९८ सीसीचं इंजिनच आहे ना तेही बघा. हसू नका, १९७३ ते ७६ मध्ये कारखान्याने रोव्हरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टाकून जीटी काढली होती, फक्त २५९१, आणि ती सडलेली असली तरी हिशोब पूर्ण बदलतो. मात्र व्ही-८ नंतर कुणी घरी बसवलेलं असेल तर तो भाव लागत नाही, चॅसी नंबर खरं काय ते सांगतो. तशीच १९६७ ते ६९ ची सहा सिलिंडरवाली एमजीसी. आजींकडे असं काही असण्याची शक्यता कमीच, पण बघायला पाच मिनिटं लागतात. रोडस्टर असती तर मी वरचे सगळे आकडे दीडपट ते दुप्पट सांगितले असते, उघड्या टपाची हौस जास्त आहे. १९७४ च्या शेवटी आलेले काळे रबर बंपर असते तर कमी. तुमची क्रोमवाली आहे, चांगलं आहे.

ओव्हरड्राइव्ह खरंच आहे का तेही खात्री करा, १९७३ मध्ये तो जादा पैसे देऊन घ्यायचा होता. आत स्विच असेलच, पण स्विच कुणीही लावू शकतं. गाडीखाली गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला लेकॉक कंपनीचं ओव्हरड्राइव्ह युनिट दिसतं, त्यावर नंबरची छोटी प्लेट असते, तिचा फोटो काढा. असेल तर २५०-३०० चा फरक पडतो.

आता विकायच्या आधी काय करायचं. कमी खर्चात भाव वाढवणारी एकच गोष्ट आहे आणि ती कुणी करत नाही: गाडी ढकलता यायला हवी. पंचवीस वर्षं हँडब्रेक ओढून ठेवलेला असणार, मागचे ब्रेक ड्रमला चिकटलेले असणार. घेणारा ट्रेलर घेऊन येतो आणि त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो की गॅरेजमधून बाहेर कशी काढायची. चारही टायरमध्ये हवा भरा, राहत नसेल तर कुणाची तरी जुनी चाकं उसनी लावा, ड्रम सोडवा. एका दुपारचं काम आहे, आणि ‘चाकांवर फिरते, स्टिअरिंग वळतं’ असं लिहिता आलं की २०० पौंड तरी वाढतात.

दुसरं, इंजिन. चालू करायचा प्रयत्न अजिबात करू नका! टाकीत पंचवीस वर्षांपूर्वीचं पेट्रोल म्हणजे वार्निश झालंय. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल, दोन दिवस ठेवा, मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर छोटा व्हिडिओ काढा. ‘इंजिन हाताने फिरतं’ हे तीन शब्द पुरेत. फिरलं नाही तर जबरदस्ती करू नका, तसं लिहा आणि २०० कमी करा.

धूळ धुवायची की नाही यावर लोक भांडतात. गोठ्यात सापडलेल्या गाडीसारखे धुळीचे फोटो टाकले की भाव येतो म्हणे. ई-टाइपला येत असेल. मी सांगीन, धुवा, सुकवा, उजेडात फोटो काढा. पण रंग, अंडरसील, लांबी यातलं काहीही नव्याने लावू नका. ताजं काळं अंडरसील दिसलं की माझ्यासारखा माणूस लगेच पाचशे पौंड मनातल्या मनात कापतो, कारण त्याखाली काय आहे ते आता कळणार नाही, आणि जे कळत नाही ते मी वाईटच धरतो. हाच उलटा नियम तुमच्या कामाचा आहे: प्रत्येक भोकाचा फोटो टाका, शेजारी नाणं ठेवून, सिलचे चार, स्प्रिंगच्या जागांचे दोन, पायाखालच्या पत्र्याचे दोन. घेणारा मग अंदाजाने वाईट धरत नाही, मोजून धरतो. माझ्या अनुभवात गंजाचे वीस फोटो टाकलेली गाडी गंज लपवलेल्या गाडीपेक्षा जास्तीला जाते, आणि दारात येऊन घासाघीस होत नाही, कारण त्याला दाखवायला नवीन काही उरलेलंच नसतं.

कागदपत्रं. गाडी १९९९ पासून उभी म्हणजे आजींकडे जुना व्ही-५ (गाडीच्या नोंदणीचा कागद, म्हणजे लॉगबुक) असण्याचीच शक्यता जास्त, तो आता चालत नाही. व्ही-६२ फॉर्म भरून नवा व्ही-५सी मागवा, २५ पौंड फी आहे, आणि मिस्टर गेल्याचं डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीला, कळवलेलं नसेल तर तेही त्यातच उरकून घ्या. सॉर्न, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही अशी नोंद, केलेलं आहे का ते विचारा. लॉगबुकशिवाय विकली तर हौशी माणूस बिचकतो आणि ब्रेकर खूश होतो, म्हणजे भाव आपोआप तळाकडे. जुन्या एमओटीचे (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचे) कागद, पावत्या, मूळ हँडबुक, गाडीबरोबरचा १९७० च्या दशकातला फोटो, हे सगळं एका फायलीत लावा. ऑनलाइन एमओटी इतिहास २००५ पासूनचा आहे, त्यात ही गाडी दिसणारच नाही, तेव्हा कागदी पुरावा हाच काय तो. शेवटच्या एमओटीवर सिलबद्दल शेरा असेल तर तोही लपवू नका.

आणि जाहिरातीत ‘टॅक्स नाही, एमओटी लागत नाही’ असं मोठ्या अक्षरात टाकायचा मोह होईल. चाळीस वर्षांवरच्या गाडीला टॅक्स माफ आहे, २०१८ पासून बहुतेकांना एमओटीचीही सक्ती नाही, खरं आहे. पण रस्त्यावर चालण्यालायक असण्याची सक्ती आहेच, आणि धोकादायक गाडी चालती म्हणून विकणं हा गुन्हा आहे. पावतीवर स्पष्ट लिहा: रिस्टोरेशन प्रोजेक्ट, सिलला मोठा गंज, रस्त्यावर चालवू नये, ट्रेलरवरून नेली. दोघांच्या सह्या, दोन प्रती.

भाव लावताना १९५० का आणि २५०० का नाही? कारण या थरातला हौशी माणूस खिशात दोन हजार घेऊन बघत असतो, शोधताना वरची मर्यादा दोन हजारच टाकतो. २१०० लिहिलंत तर त्याला दिसणारच नाही. १९५० ला तो येतो, खाली वाकतो, १५०० म्हणतो, आजी चहा देतात, १६५० ला हात मिळतो. सिलबरोबर स्प्रिंगच्या जागा आणि खांबाचे बुंधे पण गेले असतील तर १२५० लिहा आणि ९०० ला दिली तरी वाईट वाटून घेऊ नका. उलट सिल सोडून बाकी सगळं घट्ट निघालं, इंजिन फिरलं, ओव्हरड्राइव्ह खरा, कागद पूर्ण, तर २४५० लावून बघायला हरकत नाही, एक महिना थांबा, नाही गेली तर खाली या. तुम्ही स्वतःच घ्यायचा विचार करत असाल, तसं तुमच्या प्रश्नाच्या शेवटी जरा वास येतोय म्हणून म्हणतो, तर आधी एमजी क्लबमधल्या दोघा तिघांकडून लेखी अंदाज घ्या आणि आजींच्या भाच्यासमोर व्यवहार करा. शेजारी आहात, उद्या तोंड दाखवायचंय.

लिलाव कंपनीकडे देऊ नका, या किमतीत त्यांची फी आणि गाडी वाहून न्यायचा खर्च मिळून चारशे-पाचशे जातात, काय उरणार. क्लबच्या मासिकात आणि ऑनलाइन, दोन्हीकडे एकच किंमत टाका.

शेवटचं, आणि हे विसरू नका. जाहिरात टाकण्याआधी आजींना विचारून शेड, माळा, जिन्याखालचं कपाट सगळं बघून घ्या. जो माणूस पंचवीस वर्षं गाडी विकत नाही तो ‘पुढच्या उन्हाळ्यात सुरू करू’ म्हणून सामान आणून ठेवतो. लेमिंग्टनला एका बाईंकडे मी अशीच जीटी बघायला गेलो होतो, ११०० सांगून निघालो होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या की पाहुण्यांच्या खोलीत पलंगाखाली काहीतरी लांबडं आहे, ते तुमच्या कामाचं आहे का बघा. तेलकट कागदात गुंडाळलेले दोन्ही बाजूंचे सिल, आतले पडदे, कॅसल रेल, सगळे नवेकोरे, आणि पावती १९९४ ची. माझा आकडा मी तिथेच उभ्या उभ्या साडेचारशेने वाढवला.